बंद पाकिटातलं निळं कार्ड

१

भावोजींनी पाकिटाची कड फाडली, पाकीट तळहातावर उलटं केलं, आणि आतून आमच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानाचं सवलतीचं कार्ड पडलं.

निळंच होतं. बँकेच्या कार्डाएवढंच, वर तसेच उठावाचे आकडे. फरक इतकाच की त्यावर खोकल्याच्या औषधाला सूट मिळते, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या देशातल्या इस्पितळात माझ्या नवऱ्याच्या डोळ्याचे पैसे भरायचे होते.

लॉजच्या त्या खोलीत आम्ही पाच जण होतो आणि बसायला दोन खाटा. खाली गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तेवढाच आवाज.

माझे यजमान चित्रकलेचे मास्तर. शाळा सुटून वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, मीही म्हणते. त्यांचा एक डोळा केव्हाच गेला होता. दुसऱ्याचा पडदा सुटत चालला होता; माणसं त्यांना सावल्यांसारखी दिसत, अक्षरं तर दिसतच नसत. हे ऑपरेशन जमणारी डॉक्टरीण इथं होती, आणि उद्या दुपारी ती लांबच्या दौऱ्यावर निघणार होती. पुढची तारीख कितीतरी महिन्यांनी. तेवढे दिवस डोळा थांबणार नाही, असं तिनं स्पष्ट कळवलं होतं.

म्हणून एका डोळ्यासाठी आम्ही एवढी वरात घेऊन निघालो होतो. मास्तर, मी, धाकटे दीर म्हणजे भावोजी, नणंद म्हणजे वन्सं, आणि थोरल्या जाऊबाई.

ज्यावरून पैसे भरायचे ते पहिलं कार्ड तासाभरापूर्वी गेलं होतं. लॉजशेजारच्या एटीएमवर मास्तर म्हणाले, जरा चालतंय का बघू. भावोजी पुढे झाले, तर मास्तरांनी त्यांचा हात बाजूला केला. "मी दाबतो. अजून मेलो नाही." पिन तीनदा चुकला आणि मशीननं कार्ड गिळून टाकलं. ज्याला दिसत नाही त्याला काय बोलणार?

आणि घाबरायचं कारणही नव्हतं. जादाचं कार्ड होतं. दुसऱ्या बँकेचं, दुसऱ्या खात्याचं, बंद पाकिटात, भावोजींच्या कमरेच्या पाऊचमध्ये. त्या खात्यातही जाऊबाईंनी स्वतःची ठेव मोडून ऑपरेशनपुरते पैसे भरले होते. हे त्यांनी फक्त मास्तरांना आणि मला सांगितलं होतं.

आता ते पाकीट फाटून पडलं होतं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

जाऊबाईंनी पाकीट उचललं. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेला तडा होता. निघायच्या दिवशी सकाळी मीच त्यावर बसले होते. त्या तड्याच्या कडेनं त्यांनी पाकिटाची मागची बाजू न्याहाळली.

"चिकटपट्टी शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पट्टीखाली माझी सही शाबूत आहे. कड आत्ता आपल्यादेखत फाटली. म्हणजे हे पाकीट घरून निघाल्यापासून कुणी उघडलेलंच नाही."

२

दुसरं कार्ड आणि बंद पाकीट हा आमच्या घरातला नियम. तो घातला दादांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी. ते जहाजावर होते. एकदा परक्या बंदरात त्यांचा खिसा कापला गेला आणि दोन दिवस त्यांनी नळाच्या पाण्यावर काढले. तेव्हापासून घरातलं कुणीही परदेशी निघालं की दोन कार्डं, दोन बँकांची, दोन माणसांकडे. जादाचं कार्ड स्वतःजवळ ठेवायचंच नाही. ज्याचं कार्ड त्यानं आदल्या दिवशी सगळ्यांसमोर पाकिटात घालायचं, जाऊबाईंनी सही करून वर पट्टी चिकटवायची आणि दुसऱ्यानं सांभाळायचं. दादा म्हणत, आपली वस्तू आपल्यापेक्षा दुसरा जास्त जपतो, कारण हरवली तर त्याला बोलणी खायची असतात.

दादा जाऊन दोन वर्षं झाली. हर्नियाचं साधं ऑपरेशन. अर्ध्या तासाचं काम म्हणून आत नेलं आणि बाहेर आणलं ते तोंडावर चादर घालून.

जाऊबाईंची सगळी नोकरी बँकेत गेली, हरवलेल्या कार्डांच्या तक्रारी ऐकण्यात. त्या सांगतात, चोरीला गेलेली निम्मी कार्डं घरातच सापडतात, आणि उरलेली निम्मी घरातल्याच कुणाकडे. आजही त्यांनी आवाज चढवला नाही. बँकेला फोन लावला, केटलीत पाणी ठेवलं, खुर्ची खिडकीशी ओढली आणि म्हणाल्या, "कार्डावरून आजतागायत एक पैसा हललेला नाही. मी आत्ताच बँकेच्या फोनवर विचारलं. पैसे नको असलेला चोर मी पहिल्यांदाच बघतेय."

"मग कार्ड बंद करून दुसरं मागवा की," वन्सं म्हणाल्या.

"दुसरं घरच्या पत्त्यावर येतं. आठवड्यानं."

माझा पहिला संशय लॉजच्या घरमालकिणीवर गेला, आणि तो मी बोलून दाखवला. लॉजची किल्ली तिच्याकडे, चादरी घालायला तीच आत आली होती. जाऊबाईंनी मान हलवली.

"परदेशातली बाई आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं कार्ड आणेल कुठून? हे कार्ड आपल्याच घरातून निघालंय. म्हणजे ज्यानं घातलं तोही."

खोलीतल्या खोलीत सगळे एकमेकांपासून हातभर लांब सरकल्यासारखे झाले. माझ्या मनात तर पाल आधीच चुकचुकली होती. मी भावोजींकडे वळले.

"पाऊच तुमच्या कमरेला होता, भावोजी. पट्टी आणि पाकिटं आणायला दुकानातही तुम्हीच गेला होतात."

"म्हणजे काय म्हणायचंय, वहिनी?"

"सही काय, बघून बघून कुणालाही काढता येते."

भावोजी हुकूम सोडण्यात हुशार. घरात त्यांना फौजदार म्हणतात. पण त्या वेळी ते एकदम लहान झाले. पाऊच सोडून त्यांनी खाटेवर ठेवला. "विमानात तीनदा चाचपलं मी ते. झोपलो नाही. मला तर वाटलं, निदान एक काम दादासारखं केलं."

मला तिथंच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "चाचपलंत, पण बघितलं नाहीत," मी म्हणाले.

"सही माझी आहे," जाऊबाई म्हणाल्या. "माझी सही मी ओळखते. तू आता गप्प बस."

एवढ्यात दार वाजलं. घरमालकीण चहाचे कप घेऊन आली होती. खोलीतले चेहरे बघून ती दारातच थबकली. मग तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, की तुम्ही सगळे मशीनकडे गेलात तेव्हा एक बाई मागे राहिली होती. आणि ती दुसऱ्याच्या बॅगेत हात घालत होती.

तिनं बोट दाखवलं ते वन्संकडे.

३

वन्संना हे ऑपरेशन नको होतं. त्यांच्या ओळखीचे एक वैद्य डोळ्यांत थेंब घालून चष्मे उतरवतात, असं त्या महिनाभर सांगत होत्या. "सुरी लावली की सगळं देवाच्या हाती," हे तर त्या रोज म्हणत. कार्ड गेलं तर ऑपरेशन टळणार, आणि ऑपरेशन टळावं असं उघडपणे म्हणणारं एकच माणूस खोलीत होतं.

"वन्सं, कुणाच्या बॅगेत हात घातला होता?" जाऊबाईंनी विचारलं.

वन्संनी पदर तोंडाला लावला. मग उठून मास्तरांची बॅग उघडली. टॉवेलांच्या घडीतून एक बाटली काढली आणि टेबलावर आदळली.

"ही घ्या. थेंबांची बाटली. हातात दिली तर हा फेकून देईल म्हणून गुपचूप ठेवली. ऑपरेशननंतर तरी घालेल. कार्ड कशाला घेऊ मी? माझ्या सख्ख्या भावाचा डोळा आहे तो."

"आणि पाकीट बंद केलं तेव्हा तुम्ही होतात?"

"होते की. सगळेच होतो. निळं कार्ड आत जाताना मी या डोळ्यांनी बघितलं."

"मीही बघितलं," भावोजी म्हणाले.

मीही बघितलं होतं. जेवणाच्या टेबलाशी मास्तरांनी खिशातून निळं कार्ड काढलं, पाकिटात सरकवलं, जाऊबाईंनी वर सही ठोकली.

"निळं बघितलं," जाऊबाई सावकाश म्हणाल्या. "वाचलं कुणीच नाही. मी पाकीट घेतलं तेव्हा ते मिटलेलं होतं. तेव्हा या पाकिटातून कार्ड चोरीला गेलेलं नाही. ते आत गेलंच नव्हतं."

सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या खाटेकडे वळले. मास्तर भिंतीला टेकून बसले होते.

"माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. "दोन्ही निळी. मला काय दिसणार? खरं कार्ड घरी कपाटातच राहिलं असेल."

४

कार्ड घरी होतं, घर समुद्रापलीकडे होतं, आणि सकाळी पैशांची खिडकी उघडायला एक रात्र मध्ये होती. आमच्या बाकीच्या कार्डांची झेप लॉजचं भाडं आणि जेवण यापलीकडे नव्हती. घरच्या बँकांना जोडून सुट्टी. भावोजी एकेका मित्राला फोन लावत होते आणि प्रत्येक फोननंतर त्यांचा आवाज खाली येत होता. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "भावोजी, माझं चुकलं." त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मास्तरांचा राग करावा असं काही नव्हतं. चूक करणाऱ्याचा डोळाच नसेल तर ती चूक कुणाची? मी त्यांच्या संध्याकाळच्या गोळ्या काढायला उठले, तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतःच डबी काढली. गेल्या वर्षभरात त्यांनी घरातल्या वस्तूंना खुणा करून ठेवल्या होत्या. सकाळच्या डबीला चिकटपट्टीचा एक तुकडा, संध्याकाळच्या डबीला दोन. किल्ल्या, कार्डं, दाढीचं सामान, साखरेचा डबा, सगळ्यांना कुठं ना कुठं पट्टी. कुणाचा आधार घ्यायचा नाही हा त्यांचा हट्ट. माणूस तिरसट आहे, पण हट्टाला जागतो.

"वहिनी," ते जाऊबाईंना म्हणाले, "तुम्ही किती वेळ त्या फुटक्या चष्म्यानं बघणार? जादाचा आणलाय ना? काढा की तो."

"जादाची वस्तू अडल्याशिवाय काढायची नाही. मला दिसतंय."

हा संवाद मी टॅक्सीत ऐकला होता, विमानात दोनदा ऐकला होता, आणि लॉजच्या जिन्यातही. दादा गेले तरी त्यांचा नियम जाऊबाई असा पाळत होत्या की जादाच्या छत्रीला कधी पाऊस लागला नाही.

या वेळी मात्र त्या उत्तर देऊन गप्प झाल्या नाहीत. मास्तरांच्या हातातल्या डबीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "जरा बाहेर ये."

बाहेरच्या अरुंद बोळात त्यांनी दार ओढून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला एक सांग. घरी एटीएममधून पैसे कोण काढतं?"

"हेच काढतात. मला कुठं वेळ असतो?"

"दिसत नाही तर कसे काढतात?"

"बोटांनी. पाचाच्या बटणावर टिंब असतं ना, त्यावरून बाकीचे आकडे मोजतात. वर्षभर काढतायत. एकदाही..."



५

"एकदाही चुकले नाहीत," जाऊबाईंनी वाक्य पुरं केलं. "आज तीनदा चुकले. इथल्या मशीनवरही पाचाला टिंब होतं, मी बघितलं."

"घाबरले असतील. नवीन जागा."

"मीही तसंच म्हणणार होते. आता दुसरं ऐक. जादाच्या कार्डाला पट्टी होती की नाही?"

होती. उजव्या कोपऱ्यात, नखाएवढी. निघायच्या आठवड्यात त्यांनी माझ्याचकडून कापून घेतली होती. औषधाच्या दुकानाचं कार्ड खोलीत टेबलावर पडलं होतं, कोपरे चारही गुळगुळीत.

"डोळे फसले म्हणतात ते. पण त्यांनी वर्षभरात एकही वस्तू डोळ्यांनी ओळखलेली नाही. बोटांनी ओळखलीय. ज्या बोटांना गोळीची डबी कळते, त्यांना पट्टी नसलेलं कार्ड कळणार नाही?" जाऊबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "चूक झाली असती तर पट्टी असलेलं कार्ड मागे राहिलेलं नंतर हाताला लागलं असतं. त्यांनी जाणूनबुजून केलं. दोन्ही वेळा."

मला राग आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. भावोजींना मी चोर ठरवलं होतं, वन्संची बॅग उपसायची बाकी ठेवली होती, आणि हा माणूस कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता.

"का पण?"

"ते त्यांच्याच तोंडून ऐक. मला ठाऊक आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या.

त्या मास्तरांच्या समोरच्या खाटेवर बसल्या. "मास्तर, पट्टीवालं कार्ड कुठंय?"

भावोजींनी कानाशी धरलेला फोन खाली घेतला. थोड्या वेळानं मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, वर्गात छडी खायला पोरं ठेवतात तसे.

"दादाला मीच म्हटलं होतं, वहिनी. अर्ध्या तासाचं काम आहे, जा. त्याला जायचं नव्हतं. मी त्याची थट्टा केली." त्यांचा आवाज फाटला. "मला अजून हिची सावली दिसते. खिडकी कुठंय ते कळतं. आहे तेवढा उजेड मला पुरे आहे. टेबलावर गेलो आणि तोही गेला तर? किंवा मीच गेलो तर? तुम्ही सगळे एवढे धावताय, नको म्हणायला तोंड नव्हतं मला."

वन्सं रडायला लागल्या. मला जे बोलायचं होतं ते सगळं मी विसरले. इतकी वर्षं एका घरात राहून मला या माणसाची भीती कळली नव्हती, हेच मला लागलं.

"कार्ड फेकलंत?" भावोजींनी विचारलं.

उत्तर जाऊबाईंनी दिलं.

"फेकलं नाही. घरीही ठेवलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. या घरातला माणूस जादाचं कार्ड स्वतःजवळ ठेवत नाही आणि टाकतही नाही. दुसऱ्याच्या हवाली करतो." त्यांनी आपली कापडी पिशवी मांडीवर घेतली. "माझा चष्मा फुटला ते निघायच्या दिवशी. टॅक्सीत ही पिशवी मास्तरांच्या मांडीवर होती. आणि तेव्हापासून ते मला एकच गोष्ट सांगतायत."

त्यांनी पिशवीत हात घातला.

६

चष्म्याचं घर उघडलं. आत जादाचा चष्मा, त्याखाली पुसायचं फडकं, आणि फडक्याखाली निळं कार्ड. उजव्या कोपऱ्यात नखाएवढी पट्टी.

"काखेत कळसा," जाऊबाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "मास्तर, फुटका चष्मा कोण घालून बसेल? मी विमानात बसायच्या आधीच हे उघडीन, कार्ड सापडेल आणि तुम्ही पकडले जाल, असं वाटलं होतं ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "लपवलं तेव्हा वाटलं, सुटलो. लगेच वाटलं, कुणीतरी मला पकडावं. पण तुम्ही तो चष्मा काढीचनात."

भावोजी इतक्या मोठ्यानं हसले की खालचा पत्र्याचा आवाज थांबला. जाऊबाईंनी कार्ड मास्तरांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटली.

"हे तुमचं. आता पाकीट नाही, सही नाही. सकाळी तुम्ही नको म्हणालात तर आपण घरी जाऊ आणि तुम्हाला कुणी बोलणार नाही. हिलाही मी बोलू देणार नाही. पण दादांना तुम्ही मारलं नाहीत. त्यांना जायचं नव्हतं, ते मलाही म्हणाले होते. मीही जा म्हटलं होतं."

रात्री कुणी त्या कार्डाचा विषय काढला नाही. मास्तर ते मुठीत धरूनच झोपले.

सकाळी इस्पितळातल्या पैशांच्या खिडकीशी आम्ही पाचही जण उभे होतो. आतल्या मुलीनं छोटं मशीन पुढे सरकवलं. मास्तर तसेच उभे राहिले. मागच्या माणसाचं खाकरून झालं. मी ओठ दाबून धरले होते. जाऊबाईंची ताकीद होती, आणि शिवाय नको म्हणाले असते तर मीही त्यांना घरी नेलं असतं, हे मला त्या क्षणी खरंच वाटलं.

मग त्यांच्या अंगठ्यानं कार्डाचा कोपरा चाचपला. कार्ड मशीनमध्ये गेलं. तर्जनी बटणांवरून फिरली, मधल्या टिंबावर थांबली, आणि तिथून मोजत मोजत एकेक आकडा दाबत गेली. मशीन कुरकुरलं आणि कागद बाहेर यायला लागला.

त्यांना आत न्यायला माणूस आला. मी पावतीसाठी थांबले, तर जाऊबाईंनी मला खांद्याला धरून वळवलं.

"दादांना आत नेलं तेव्हा मी अशाच खिडकीशी पावती घेत उभी होते," त्या म्हणाल्या. "पावती मी घेते. तू दारापर्यंत जा."

मी गेले. दारापर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता, घामानं ओला. त्यांनी एवढंच विचारलं, "फौजदार रागावलाय का गं?" मी म्हटलं, तुम्हीच बाहेर येऊन विचारा.

डोळ्यावरची पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरीण नव्हती. तिच्या हाताखालच्या डॉक्टरांनी काढली. मास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं, आणि इतका वेळ बघितलं की मला पदर सावरावासा वाटला. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"वहिनी," ते म्हणाले, "तडा डाव्या काचेला आहे. आता तरी दुसरा काढा."

जाऊबाईंनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं आणि जादाचा चष्मा डोळ्यांना लावला.